सरकारी खरेदीतील आपला चार टक्के वाटा : तो कसा मिळवावा?

१९४२ सालच्या जुलै महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून दाखल झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी अस्पृश्य वर्गाच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन गव्हर्नर जनरलपुढे ठेवले. या निवेदनातील राजकीय प्रतिनिधित्व, सरकारी नोकऱ्या आणि शिक्षण हे मुद्दे आपण सर्वजण जाणतो. त्याच निवेदनात आणखी एक मुद्दा होता, त्याकडे मात्र आपले फारसे लक्ष गेले नाही. तो मुद्दा सरकारी ठेक्यांचा होता. सरकार जो पैसा बांधकामावर आणि खरेदीवर खर्च करते, त्यात आपल्या माणसांनाही काम मिळाले पाहिजे, असे बाबासाहेबांचे म्हणणे होते. मध्यवर्ती सार्वजनिक बांधकाम खाते त्या वेळी मजूर खात्याकडेच होते. त्यामुळे ठेके कोणाला मिळतात आणि कोणाला मिळत नाहीत, हे ते जवळून पाहत होते.

नोकरीतील राखीव जागांचा मुद्दा आपण घरोघरी पोहोचवला. त्या बळावर दोन-तीन पिढ्या शिकल्या, स्थिरावल्या. ठेक्यांचा मुद्दा मात्र सुमारे सत्तर वर्षे कागदावरच राहिला. २०१२ साली केंद्र सरकारने त्याला नियमाचे रूप दिले. तो नियम काय आहे, त्याचा लाभ घेण्यासाठी काय करावे लागते आणि मदत कोठे मिळते, हे संस्थेच्या सभासदांना व विद्यार्थ्यांना सोप्या भाषेत सांगावे, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

सर्वात मोठे गिऱ्हाईक

सरकार हे देशातील सर्वात मोठे गिऱ्हाईक आहे. रणगाडे आणि रेल्वेची इंजिने तर ते घेतेच. त्याखेरीज शाळेची बाके, इस्पितळातील चादरी, कर्मचाऱ्यांचे गणवेश, फायली, झाडू, फिनेल, नटबोल्ट, लोखंडी कपाटे, लाकडी खोकी हेही ते दररोज विकत घेत असते. सेवाही विकत घेते. कार्यालयाची साफसफाई, सुरक्षा रक्षक, भाड्याची वाहने, संगणकाची दुरुस्ती, छपाई, उपाहारगृह ही सर्व कामे आज बाहेरच्या माणसांकडून करून घेतली जातात.

यातील एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. पूर्वी कार्यालयात शिपाई, सफाई कामगार, वाहनचालक ही कायम पदे असत आणि त्यांत राखीव जागा असत. आता त्यातील बरेचसे काम ठेक्याने जाते. ठेक्याच्या कामाला नोकरीतील आरक्षण जसेच्या तसे लागू होत नाही. काम पूर्वीचेच आहे, ते करणारी माणसेही बहुधा आपलीच आहेत, परंतु ठेकेदार दुसराच कोणी असतो. जे काम आपले हात करतात, त्याचा ठेका आपल्या हाती का असू नये?

नियम काय सांगतो?

सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा २००६ साली झाला. या कायद्याच्या आधारे सूक्ष्म व लघु उपक्रमांसाठी सार्वजनिक खरेदी धोरणाचा आदेश मार्च २०१२ मध्ये निघाला आणि १ एप्रिल २०१२ पासून अमलात आला. १ एप्रिल २०१५ पासून तो बंधनकारक झाला. केंद्र सरकारची खाती आणि केंद्राचे सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या वार्षिक खरेदीचा ठरावीक हिस्सा लहान उद्योगांकडून घ्यावा, असे हा आदेश सांगतो. आरंभी हा हिस्सा २० टक्के होता. २०१८ साली दुरुस्ती होऊन तो २५ टक्के झाला. या २५ टक्क्यांतील ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती व जमातीच्या उद्योजकांकडून आणि ३ टक्के खरेदी महिला उद्योजकांकडून करावयाची आहे.

याखेरीज लहान उद्योगांना पुढील सवलती आहेत :

१. निविदेची प्रपत्रे विनामूल्य मिळतात.

२. बयाणा रक्कम भरावी लागत नाही. ही रक्कम सर्वसाधारणपणे कामाच्या अंदाजित किमतीच्या २ ते ५ टक्के असते. म्हणजे २० लाखांच्या निविदेला ४० हजारांपासून १ लाखापर्यंतची रक्कम अडकून पडते, ती वाचते.

३. ३५८ वस्तू केवळ सूक्ष्म व लघु उद्योगांकडूनच घ्याव्यात, अशी यादी आहे.

४. मालाच्या दर्जात तडजोड न करता, पूर्वानुभव आणि मागील उलाढाल यांच्या अटी शिथिल करण्याची मुभा खरेदीदाराला आहे.

५. किमतीत १५ टक्क्यांपर्यंतच्या फरकाची सोय आहे. ही सोय अनेकांना नीट समजत नाही, म्हणून ती उदाहरणाने सांगतो.

समजा, एका केंद्रीय उपक्रमाला ४,००० पेट्या हव्या आहेत. एका मोठ्या कंपनीने सर्वात कमी म्हणजे ५०० रुपये दर भरला. आपल्या एका समाजबांधवाच्या लघुउद्योगाने ५६५ रुपये भरला. ५०० रुपयांवर १५ टक्के म्हणजे ५७५ रुपये. आपला दर या मर्यादेच्या आत आहे. तेव्हा खरेदीदाराने त्याला विचारले पाहिजे, ‘५०० रुपयांना द्याल काय?’ त्याने होकार दिला, तर किमान २५ टक्के माल, म्हणजे १,००० पेट्यांची ऑर्डर त्याला मिळते. असे पात्र लघुउद्योग एकाहून अधिक असतील, तर हा हिस्सा त्यांच्यात वाटला जातो. त्याने ५९० रुपये भरला असता, तर तो या सवलतीबाहेर गेला असता. सर्वात कमी दर भरणारा स्वतःच लघुउद्योग असेल, तर ही सोय लागू होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

येथे एक इशारा दिला पाहिजे. पेटी तयार करण्याचा आपला खर्चच ५२० रुपये असेल, तर ५०० ला होकार देऊ नये. ऑर्डर मिळाली याचा आनंद एक दिवस टिकतो आणि तोटा वर्षभर पुरतो.

न मागितलेला वाटा कोठे जातो?

आता या लेखातील सर्वात महत्त्वाचा मुद्दा. अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांनी निविदाच भरली नाही, किंवा भरली पण ती अटींत बसली नाही, तर तो चार टक्क्यांचा हिस्सा इतर लघुउद्योगांकडून भरून काढावा, अशी तरतूद त्याच आदेशात आहे. नोकरीतील अनुशेषासारखी ही जागा आपली वाट पाहत राहत नाही. वर्ष संपले की ती संधी गेली.

आदेशाला दहा वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी अनुसूचित जाती-जमातीकडून झालेली खरेदी ४ टक्क्यांपर्यंत पोहोचलेली नाही. बहुतेक वर्षी ती २ टक्क्यांच्याही आत राहिली आहे. यात खरेदीदारांची उदासीनता आहे, हे खरे. त्याविरुद्ध आवाज उठवलाच पाहिजे. परंतु निविदा भरणारेच थोडे असतील, तर त्या आवाजाला बळ कोठून येणार? ‘पात्र पुरवठादार मिळाला नाही’ हे एका वाक्याचे उत्तर देण्याची सोय आपण त्यांना ठेवता कामा नये.

पहिली पायरी : कागदपत्रे

निविदा बाद होतात त्या पुष्कळ वेळा मालामुळे नव्हे, तर कागदामुळे. म्हणून कागदांची तयारी ऑर्डरच्या आधी करावी.

उद्यम नोंदणी : १ जुलै २०२० पासून लघुउद्योगांची नोंदणी ‘उद्यम’ या नावाने होते. आधार व पॅन क्रमांकाच्या आधारे ती संगणकावर होते आणि पूर्णपणे मोफत आहे. यासाठी कोणी पैसे मागितले, तर देऊ नयेत. १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येनुसार यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी व उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत असल्यास उद्योग सूक्ष्म ठरतो. गुंतवणूक २५ कोटी व उलाढाल १०० कोटींपर्यंत असल्यास तो लघु ठरतो. आपल्यातील बहुतेक उद्योग सूक्ष्म गटातच येतील. नोंदणी करताना सामाजिक प्रवर्गाचा रकाना अचूक भरावा. संकोचाने तो ‘सर्वसाधारण’ असा भरला, तर चार टक्क्यांचा दरवाजा आपणच लावून घेतला असे होईल.

जातीचा दाखला : हा मुद्दा आपल्या समाजासाठी विशेष नाजूक आहे. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या लोकांना महाराष्ट्र राज्याच्या सवलती आधीपासून मिळत होत्या. केंद्राच्या सवलती मात्र १९९० साली घटनेच्या अनुसूचित जाती आदेशात दुरुस्ती झाल्यावर मिळू लागल्या. केंद्राच्या यादीत जातींची नावे आहेत. त्यामुळे नुसता ‘बौद्ध’ असा उल्लेख असलेला दाखला केंद्राच्या कामी अपुरा पडतो. मूळ अनुसूचित जातीचा उल्लेख असलेला, केंद्र सरकारच्या कामासाठीच्या नमुन्यातील दाखला सक्षम अधिकाऱ्याकडून घेऊन ठेवावा. ज्या धर्मात आपण स्वाभिमानाने आलो, त्याचे नाव त्यात राहतेच. मूळ जातीची नोंद ही केवळ हक्काचा पुरावा म्हणून लागते.

मालकीचा पुरावा : एकट्याची मालकी असेल, तर मालक अनुसूचित जाती-जमातीचा हवा. भागीदारी असेल, तर किमान ५१ टक्के हिस्सा आणि प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल, तर किमान ५१ टक्के भाग अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींचे हवेत.

याशिवाय जीएसटी नोंदणी, चालू खाते, आयकर विवरणपत्रे, लेखापालाने प्रमाणित केलेले ताळेबंद आणि संगणकावर निविदा भरण्यासाठी डिजिटल स्वाक्षरी ही साधने लागतात. एका फायलीत सर्वांच्या प्रती लावून ठेवाव्यात.

आणखी दोन मर्यादा प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. हे धोरण वस्तूंचे उत्पादन करणाऱ्यांसाठी व सेवा देणाऱ्यांसाठी आहे. नुसता माल आणून विकणाऱ्या व्यापाऱ्यास खरेदीतील या सवलती मिळत नाहीत. तसेच बांधकामाचे ठेके या धोरणात धरले जात नाहीत. राज्य सरकार, जिल्हा परिषदा व महानगरपालिका यांचे नियमही वेगळे असतात. ते त्या त्या निविदेत पाहावेत. बांधकामाच्या बाबतीत कर्नाटकाने वेगळी वाट काढली. २०१७ साली आपल्या कायद्यात दुरुस्ती करून त्या राज्याने ५० लाख रुपयांपर्यंतच्या बांधकाम-ठेक्यांत अनुसूचित जाती-जमातींसाठी वाटा राखून ठेवला आणि पुढे ही मर्यादा वाढवली. अशी मागणी आपल्या राज्यातही अभ्यासपूर्वक करता येईल.

मदत कोठे मिळते?

पुष्कळांना वाटते की सरकारी काम वशिल्याशिवाय मिळत नाही. म्हणून ते दलालाच्या दारी जातात. वास्तविक पुढील सर्व कार्यालये सल्ला देण्यासाठीच आहेत.

राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हब : हा उपक्रम ऑक्टोबर २०१६ मध्ये सुरू झाला. चार टक्क्यांचा हिस्सा प्रत्यक्षात यावा, हाच त्याचा हेतू. राष्ट्रीय लघुउद्योग निगम, म्हणजेच एनएसआयसी, तो चालवते. मुंबई व पुणे येथे त्याची कार्यालये आहेत. नोंदणी, निविदा भरणे, प्रशिक्षण, खरेदीदारांशी भेटीगाठी यांत तेथे साहाय्य मिळते. यंत्रसामग्रीसाठी संस्थात्मक कर्ज घेतल्यास २५ टक्के आणि कमाल २५ लाख रुपयांपर्यंत अनुदानाची योजना या हबमार्फत राबवली गेली आहे. मालाची चाचणी, बँक हमी यांच्या शुल्कातील काही भाग परत देण्याच्या योजनाही आहेत. योजनांच्या अटी व मुदती बदलतात, म्हणून अर्जापूर्वी चालू नियम विचारून घ्यावेत.

एनएसआयसीची एकल नोंदणी : आपल्या कारखान्याची क्षमता तपासून एनएसआयसी एक प्रमाणपत्र देते. त्यावर कोणता माल किती रकमेपर्यंत पुरवू शकतो, हे नमूद असते. अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांसाठी शुल्क नाममात्र आहे.

जिल्हा उद्योग केंद्र : प्रत्येक जिल्ह्यात हे कार्यालय आहे. कर्ज योजना व राज्याच्या सवलती यांची माहिती तेथे मिळते. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून बीजभांडवल व कर्जसाहाय्याचे काम करीत आहे.

केंद्राची विकास व सुविधा कार्यालये : मुंबई आणि नागपूर येथे केंद्रीय लघुउद्योग मंत्रालयाची ही कार्यालये आहेत. सार्वजनिक उपक्रमांचे खरेदी अधिकारी व लघुउद्योजक यांना एकत्र आणणारे पुरवठादार मेळावे ती भरवतात. आपल्या मालाचा नमुना घेऊन अशा मेळाव्याला जावे. खरेदी अधिकाऱ्याला काय हवे आहे, हे त्याच्याच तोंडून ऐकायला मिळते.

दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री : २००५ साली श्री. मिलिंद कांबळे यांनी पुण्यात स्थापन केलेली ही संघटना. धंद्यात आधी पडलेल्या आपल्याच माणसांचा अनुभव तेथे ऐकता येतो.

जेम आणि निविदा

ऑगस्ट २०१६ मध्ये केंद्र सरकारने ‘गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस’ म्हणजेच ‘जेम’ ही संगणकीय बाजारपेठ सुरू केली. जेमवर मिळणारा माल व सेवा केंद्रीय खात्यांनी तेथूनच घ्यावयाची असते. आपण विक्रेता म्हणून नोंद करावयाची, आपल्या वस्तूची छायाचित्रे, माप, दर्जा व दर भरावयाचे. लहान रकमेची खरेदी खरेदीदार थेट करतो, मध्यम रकमेला दर तुलना करून करतो आणि मोठ्या रकमेला बोली मागवतो. नवख्या उद्योजकाने आरंभ छोट्या खरेदीपासून करावा. माल पोहोचून स्वीकृतीचे प्रमाणपत्र निघाल्यापासून १० दिवसांत पैसे द्यावेत, असा जेमचा नियम आहे.

जेमखेरीज केंद्राचे निविदा संकेतस्थळ, रेल्वेचे, संरक्षण खात्याचे आणि महाराष्ट्र शासनाचे महाटेंडर्स अशी स्वतंत्र ठिकाणे आहेत. निविदा बहुधा दोन लखोट्यांत असते. पहिल्यात तांत्रिक पात्रता, दुसऱ्यात दर. पहिला लखोटा उत्तीर्ण झाला, तरच दुसरा उघडतो. दराचा आकडा चुकून पहिल्या लखोट्यात गेला, तर निविदा तेथेच संपते.

निविदा वाचताना या पाच गोष्टींवर लाल रेघ मारावी : शेवटची तारीख व वेळ, पात्रतेच्या अटी, मालाचा तपशील व तपासणी कोण करणार, पुरवठ्याची मुदत आणि विलंबाचा दंड. दंड बहुधा आठवड्याला अर्धा टक्का व कमाल १० टक्के असा असतो. आपला नफाच ८ टक्के असेल, तर त्या दंडाचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगावयास नको. निविदेनंतर निघणारी शुद्धिपत्रकेही वाचावीत. आणि शेवटच्या तासाची वाट न पाहता दोन दिवस आधी निविदा भरावी. संगणक ऐन वेळी अडतो, हा सर्वांचा अनुभव आहे.

संरक्षण खात्याची खरेदी

महाराष्ट्रात संरक्षण उत्पादनाचे मोठे जाळे आहे. खडकी, देहूरोड, अंबरनाथ, वरणगाव, भुसावळ, नागपूरजवळील अंबाझरी, भंडारा आणि भद्रावतीजवळील चांदा येथे आयुध निर्माणी आहेत. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील ४१ आयुध निर्माणींच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यांपैकी म्युनिशन्स इंडियाचे मुख्यालय पुण्यात आणि यंत्र इंडियाचे नागपुरात आहे. शिवाय मुंबईत माझगाव डॉक आणि नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे.

देहूरोडचे नाव घेताच आपल्याला २५ डिसेंबर १९५४ आठवतो. त्या दिवशी बाबासाहेबांनी तेथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. तेथील लष्करी डेपोत व कारखान्यांत राबणारे अनेक हात आपल्या समाजाचे होते. आजोबा ज्या दरवाजातून हजेरीचा बिल्ला दाखवून आत गेले, त्याच दरवाजातून नातू पुरवठादार म्हणून आत का जाऊ नये?

लष्कराची खरेदी म्हटली की तोफा-बंदुका डोळ्यांपुढे येतात. परदेशांतून आयात होणारी शस्त्रास्त्रे वर सांगितलेल्या २५ टक्क्यांच्या हिशेबात धरली जात नाहीत. परंतु या कारखान्यांना सुटे भाग, ओतकाम, यंत्रावर घडवलेले पुर्जे, पॅकिंगच्या पेट्या, कॅनव्हास, हातमोजे, रबराच्या वस्तू हेही लागते. लेथ किंवा मिलिंग मशीन असलेला छोटा कारखानदार येथे पाय रोवू शकतो. मात्र दर्जाची तपासणी कडक असते. प्रथम कारखान्याची क्षमता पाहतात, नंतर थोड्या मालाची ऑर्डर देऊन नमुना तपासतात आणि तो उतरल्यावरच नियमित पुरवठादार म्हणून विचार होतो. याला वेळ लागतो. वर्ष-दीड वर्ष तग धरण्याची तयारी ठेवूनच या क्षेत्रात उतरावे आणि तोवर दुसरे गिऱ्हाईक सोडू नये.

पूर्वी आयात होत असलेल्या व आता देशात बनवून हव्या असलेल्या सुट्या भागांची यादी संरक्षण उत्पादन विभागाने ऑगस्ट २०२० पासून ‘सृजन’ या संकेतस्थळावर ठेवली आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी ती अवश्य चाळावी. एप्रिल २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘आयडेक्स’ उपक्रमात नवी कल्पना घेऊन येणाऱ्या नवउद्योगांना नमुना विकसित करण्यासाठी दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदानाची सोय ठेवण्यात आली.

भांडवल आणि थकलेले देयक

बयाणा रक्कम माफ असली, तरी काम मिळाल्यावर कराराच्या रकमेच्या काही टक्के सुरक्षा अनामत किंवा बँक हमी द्यावी लागते. ती माफ नाही. कच्चा माल रोखीने घ्यावा लागतो आणि पैसे मागाहून मिळतात. आपल्या अनेक उद्योजकांची गाडी येथेच रुतते. वडिलोपार्जित जमीन किंवा घर तारण ठेवण्याजोगे नसते. अशा वेळी तारणाशिवाय कर्जासाठी ‘सीजीटीएमएसई’ या पत हमी न्यासाची योजना आहे. ‘हे कर्ज हमी योजनेखाली विचारात घ्या’ असे बँकेला अर्जातच लिहून द्यावे. २०१६ साली सुरू झालेली ‘स्टँड-अप इंडिया’ योजना मार्च २०२५ पर्यंतच्या मुदतीची होती. तिची जुनी पत्रके अजून फिरतात, त्यांवर विसंबू नये.

देयक थकले तर काय? २००६ च्या कायद्यानुसार लघुउद्योगाचे पैसे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले पाहिजेत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागू होते. यासाठी सूक्ष्म व लघु उपक्रम सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो. ऑक्टोबर २०१७ पासून ‘समाधान’ या संकेतस्थळावरूनही तो करता येतो. परिषदेने लघुउद्योगाच्या बाजूने निर्णय दिल्यावर खरेदीदाराला न्यायालयात जायचे असेल, तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. मात्र उद्यम नोंदणी माल पुरवण्यापूर्वीची असावी. मागाहून केलेल्या नोंदणीवर वाद उद्भवतात. मोठ्या उपक्रमांची देयके ‘ट्रेड्स’ या व्यवस्थेतून वटवून आधी पैसे उचलण्याचीही सोय आहे.

नाव भाड्याने देऊ नका

एक कटू गोष्ट बोलल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. चार टक्क्यांच्या सवलतीचा वास लागताच काही लोक आपल्या तरुणांकडे येतात. ‘तुझा दाखला दे, सही तू कर, धंदा आम्ही करतो, महिन्याला इतके घे,’ असे सांगतात. घरात चूल पेटण्याची भ्रांत असलेल्या तरुणाला तो पैसा मोठा वाटतो. परंतु माल निकृष्ट निघाला, कर बुडाला किंवा कामगारांचा भविष्य निर्वाह निधी भरला गेला नाही, तर नोटीस सही करणाऱ्याच्या नावे येते. फर्म काळ्या यादीत जाते, प्रसंगी फौजदारी होते. आणि कागदोपत्री तो वाटा आपल्या समाजाला पोहोचला असे दिसते, तो वेगळाच. त्यातून होणारे नुकसान एका घरापुरते राहत नाही. त्याचप्रमाणे ‘टक्केवारी द्या, ऑर्डर आणून देतो’ म्हणणाऱ्या दलालापासूनही दूर राहावे.

संस्था काय करू शकेल?

अमेरिकेत १९५३ साली लघुउद्योगांचा कायदा झाला आणि पुढे केंद्र सरकारच्या ठेक्यांतील २३ टक्के रक्कम लघुउद्योगांना द्यावी, असे उद्दिष्ट कायद्यानेच घातले गेले. परंतु त्यांनी नुसते उद्दिष्ट ठेवून भागवले नाही. १९८५ पासून तेथील संरक्षण खात्याच्या पैशातून ठिकठिकाणी मार्गदर्शन केंद्रे चालवण्यात आली. छोट्या कारखानदाराला शेजारी बसवून निविदा कशी वाचावी, कशी भरावी, हे तेथील सल्लागार शिकवतात. तेथील ही पद्धत २००२ सालच्या भोपाळ परिषदेत आपल्याकडील अभ्यासकांनी चर्चेला आणली आणि सरकारी खरेदीत वाटा हवा ही मागणी नव्याने पुढे आली. यातून घ्यावयाचा बोध असा की, टक्केवारी कायद्याने मिळते, पण ती घरी आणायला वाट दाखवणारा माणूस लागतो.

असा माणूस आपल्यातच आहे. आपल्या समाजात बँकेतून, लेखा विभागातून, भांडार विभागातून, आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले कितीतरी सभासद आहेत. ज्यांनी तीस-तीस वर्षे निविदा तपासल्या, त्यांच्याइतका चांगला शिक्षक कोठे मिळणार? आमची सूचना अशी की, संस्थेच्या सभागृहात आठवड्यातून एक संध्याकाळ ‘निविदा मार्गदर्शन’ म्हणून राखून ठेवावी. एक संगणक, एक फाईल-कपाट आणि दोन निवृत्त सभासद एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. वाणिज्य व संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांनी उद्यम व जेमची नोंदणी करून देण्याचे काम अंगावर घ्यावे. त्यातून त्यांनाही एक विद्या हाती लागेल. वर्षाअखेरीस किती जणांनी निविदा भरल्या, किती बाद झाल्या व का बाद झाल्या, याचा हिशेब वार्षिक सभेपुढे ठेवावा. बाद झालेल्या निविदेचे कारण लपवू नये. दुसऱ्याला ती ठेच चुकते.

महिला भगिनींनाही आमचे आग्रहाचे सांगणे आहे. शिवणकाम, खाद्यपदार्थ, साफसफाई सेवा अशी कामे करणारे बचत गट आपल्याकडे आहेत. अनुसूचित जातीच्या महिलेच्या मालकीचा उद्योग चार टक्क्यांतही बसतो आणि तीन टक्क्यांतही.

सर्वांनीच ठेकेदार व्हावे, असे आमचे म्हणणे नाही. शिक्षण व नोकरी यांची गरज आहेच आणि नोकरीतील हक्कासाठीचा लढाही चालूच राहील. परंतु एक उद्योग उभा राहिला, तर तो पाच-दहा घरांना रोजगार देतो, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे. १९४२ साली जो मुद्दा बाबासाहेबांनी निवेदनात मांडला, त्याला आज नियमाचा आधार आहे, कार्यालये आहेत आणि मोफत सल्लाही आहे. ही स्मरणिका वाचून झाल्यावर निदान एका सभासदाने आपली फाईल तयार करावयास घेतली, तर हा लेख लिहिण्याचे श्रम सार्थकी लागले, असे आम्ही समजू.